आडनाव गाळलेला माणूस

जुलै १९६९. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीपुढे मद्यासक्ती आणि अमली पदार्थ या प्रश्नावर सुनावणी चालू होती. उपसमितीचे अध्यक्ष, आयोवा राज्याचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज, हे स्वतः एके काळचे मद्यपी; आणि ही गोष्ट त्यांनी मतदारांपासूनही दडवलेली नव्हती. याच उपसमितीपुढे अभिनेत्री मर्सिडीज मॅकेम्ब्रिज यांनी आपल्या व्यसनाची हकीकत स्वतःच्या नावानिशी सांगितली. साक्षीदारांत एक उंच, सडपातळ, सत्तरी ओलांडलेला गृहस्थ होता. त्याची ओळख मात्र केवळ बिल डब्ल्यू. अशी करून देण्यात आली आणि छायाचित्रकारांनी त्याला पाठीमागूनच टिपावे, अशी व्यवस्था झाली. सभागृहातील जाणकारांना तो कोण हे ठाऊकच होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच एए, या जगभर पसरलेल्या चळवळीचा तो जनक. विल्यम ग्रिफिथ विल्सन हे त्याचे पूर्ण नाव. पण ते वृत्तपत्रांत छापून येऊ नये, हा नियम त्यानेच घातला होता आणि त्या नियमाचा सर्वाधिक जाच ज्याला व्हावा असा स्वभावही त्याचाच होता.

व्हर्मांट राज्यातील ईस्ट डॉर्सेट या खेड्यात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी बिलचा जन्म झाला. वडील दगडखाणींच्या धंद्यात, पिण्याचे शौकीन. बिल अकरा वर्षांचा होण्याच्या सुमारास ते घर सोडून गेले. आई वैद्यकीच्या शिक्षणासाठी बोस्टनला गेली आणि बिल व त्याची बहीण आजोळी वाढली. त्या काळच्या खेड्यात घटस्फोट म्हणजे कुजबुजीचा विषय. आपल्या घरात काय झाले हे गावाला आपल्याआधी कळलेले असते, हा अनुभव त्या मुलाला फार लवकर आला. १९१२ मध्ये त्याची शाळासोबतीण, जिच्यावर त्याचा जीव जडला होता ती मुलगी, शस्त्रक्रियेनंतर दगावली आणि तो दीर्घ नैराश्यात गेला. नैराश्याची ही सोबत पुढे आयुष्यभर सुटली नाही. आपण कोणीतरी मोठे व्हायचे, सर्वांत पुढे असायचे, ही ईर्ष्याही याच वयातली.

पहिले महायुद्ध चालू असताना तोफखान्यातील या तरुण अधिकाऱ्याने मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे एका श्रीमंताघरच्या मेजवानीत पहिला पेला तोंडाला लावला. चारचौघांत संकोचणारा बिल त्या रात्री एकाएकी मोकळा झाला. २४ जानेवारी १९१८ रोजी लोइस बर्नहॅम हिच्याशी त्याचा विवाह झाला. युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये त्याने कायद्याचा अभ्यास केला, मात्र पदवी हाती पडली नाही. मग त्याला वॉल स्ट्रीटने ओढून घेतले. शेअर घेण्याआधी त्या कंपनीत जाऊन तिची खरी स्थिती पाहावी, ही त्या काळी नवलाची वाटणारी कल्पना घेऊन १९२५ मध्ये हे जोडपे मोटारसायकलवरून निघाले. कारखान्यांच्या आसपास तंबू ठोकायचा, कामगारांशी गप्पा मारायच्या, आतली खबर काढायची आणि तिचा अहवाल न्यूयॉर्कला धाडायचा, असा क्रम. पैसा चांगला मिळाला. माहितीचे मोल काय असते आणि ती कोणाच्या हाती पडली की काय घडते, हे बिलला दारूच्या आधी बाजाराने शिकवले होते, असे म्हणायला हरकत नाही.

१९२९ च्या मंदीने पैसा गेला. दारू राहिली. लोइस मेसीज या मोठ्या दुकानात नोकरी करू लागली आणि बिल तिच्या पर्समधून पैसे काढू लागला. १९३३-३४ या काळात चार वेळा त्याला मॅनहॅटनमधील टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल करावे लागले. हे खासगी रुग्णालय पैसेवाल्या मद्यपींसाठी होते आणि बिलचा खर्च त्याचे डॉक्टर मेहुणे उचलत. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ हे, मद्यासक्ती हा दुर्गुण नसून आजार आहे असे मानणाऱ्या मोजक्या वैद्यांपैकी एक. बिलचे भवितव्य त्यांनी लोइसला सांगितले: एक तर वेड, नाही तर मृत्यू, आणि दोन्हींना फार अवधी नाही. रोग्याविषयीची ही माहिती रोग्याच्या पाठीमागे पत्नीला दिली जाणे, यात तेव्हा कोणाला काही वावगे वाटत नसे. आपल्याकडे तर आजही वाटत नाही.

नोव्हेंबर १९३४ च्या अखेरीस एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र बिलच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि त्याने पेला नाकारला. एबी ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक मंडळाच्या संपर्कात आला होता. आपले दोष दुसऱ्यापुढे कबूल करा, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करा, इतरांना मदत करा, अशी त्यांची शिकवण. डिसेंबरात बिल चौथ्यांदा रुग्णालयात गेला. तेथे त्याला जो विलक्षण आंतरिक अनुभव आला, त्याने तो घाबरला आणि आपण भ्रमिष्ट झालो की काय, असे त्याने डॉक्टरांना विचारले. सिल्कवर्थ यांनी त्याला वेड्यात काढले नाही. त्यानंतर बिलने मद्याला कधीही स्पर्श केला नाही.

लगेचच तो इतर पिणाऱ्यांच्या मागे लागला. सिल्कवर्थ यांनी त्याला आपल्या रुग्णांशी बोलण्याची मुभा दिली. हा धोका लहान नव्हता. कालपर्यंतचा रोगी आज दुसऱ्या रोग्यांच्या खाटांपाशी जाऊन बसतो, त्यांची नावे आणि अवस्था जाणून घेतो, ही गोष्ट बाहेर फुटती तर डॉक्टरांची प्रतिष्ठा धुळीला मिळाली असती. पाच महिने बिलच्या उपदेशाने एकही जण सुधारला नाही. तो स्वतः तेवढा शुद्धीवर राहिला.

मे १९३५ मध्ये एका कंपनीच्या ताब्यासाठी चाललेल्या मतांच्या लढाईत बिल ओहायोतील अॅक्रन शहरी गेला आणि हरला. शनिवारी संध्याकाळी मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा होता. एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज येत होते आणि दुसऱ्या बाजूला सार्वजनिक दूरध्वनी होता. आपल्याला आत्ता दुसरा दारुडा हवा, हे त्याला उमगले. चर्चच्या यादीतून त्याने एका पाद्र्याला फोन लावला आणि फोनांची ती साखळी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचली. त्यांच्या माहितीत असा एक माणूस होता. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्यांनी डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ घालून दिली. डॉ. स्मिथ हे शल्यविशारद. वर्षानुवर्षे त्यांचे पिणे हे शहराने न बोलता सांभाळलेले गुपित होते. ते पाऊण तासही बसायला तयार नव्हते, पण रात्री अकरापर्यंत बसले. कारण समोरचा मनुष्य त्यांना काही विचारत नव्हता, तो फक्त स्वतःचे सांगत होता. एका वैद्यकीय अधिवेशनाच्या निमित्ताने डॉक्टर पुन्हा एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि त्याच दिवशी ते गावभर फिरून, ज्यांच्यापासून आपले व्यसन लपवले त्या लोकांना भेटत राहिले. एएचा स्थापनादिन म्हणून हाच दिवस मानला जातो.

आता त्यांना तिसरा माणूस हवा होता. डॉ. स्मिथ यांनी अॅक्रनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये फोन करून, कोणी मद्यपी रुग्ण आहे का, अशी विचारणा केली. परिचारिकेने सांगितले, आहे. एक वकील आहे, उन्मादात त्याने दोन परिचारिकांना मारहाण केली आहे आणि सध्या त्याला खाटेला बांधून ठेवले आहे. त्याच्या पत्नीशी आधी बोलणे झाले, त्याला स्वतंत्र खोलीत हलवण्यात आले आणि हे दोघे त्याच्या उशाशी जाऊन बसले. बिल डी. या नावाने तो एएचा तिसरा सदस्य म्हणून ओळखला जातो. ४ जुलै १९३५ रोजी तो रुग्णालयातून बाहेर पडला तो कायमचा शुद्धीवर.

या प्रसंगाकडे आज पाहिले की अडखळायला होते. रुग्णाची संमती न घेता त्याचे निदान आणि वर्तन दूरध्वनीवरून सांगणे हे आजच्या अमेरिकन कायद्यानुसार सरळ नियमभंग ठरेल. त्या परिचारिकेने तोंड बंद ठेवले असते, तर तो वकील बहुधा जगला नसता, आणि ही चळवळ दोघांपलीकडे केव्हा गेली असती कोण जाणे. उलट, तीच माहिती त्या वकिलाच्या अशिलांकडे वा एखाद्या वार्ताहराकडे गेली असती तर त्याचा व्यवसाय संपला असता. व्यसनमुक्तीच्या उपचारांतला हा पेच पहिल्या महिन्यापासून एएच्या पाळण्यातच होता. रोग्याला स्वतःचे सर्व काही कोणापुढे तरी उघड करावेच लागते; त्याशिवाय उपचार नाही. पण त्या उघडेपणाची वाच्यता झाली की रोगी परत फिरकत नाही.

सुरुवातीचे मार्ग तर चक्क खोटेपणाचे होते. अॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया या नाजूक प्रकृतीच्या जोगिणीने १९३९ मध्ये डॉ. स्मिथ यांच्या सांगण्यावरून पहिला मद्यपी दाखल करून घेतला तो तीव्र जठरदाहाचा रोगी म्हणून. मद्यपींना खाट द्यायची नाही, असा रुग्णालयांचा शिरस्ता होता. त्याला वॉर्डातही ठेवता येईना, तेव्हा फुले रचण्याच्या खोलीत त्याची सोय झाली. पुढे या दोघांच्या हाताखालून सुमारे पाच हजार मद्यपी गेले आणि डॉ. स्मिथ यांनी त्यांच्याकडून मोबदला घेतला नाही.

न्यूयॉर्कमध्ये बिल आणि लोइस यांचे ब्रुकलिनमधील क्लिंटन स्ट्रीटवरचे घर म्हणजे दारुड्यांची धर्मशाळा झाली होती. १९३६ मध्ये टाउन्स हॉस्पिटलच्या मालकाने बिलला पगारी उपचारक म्हणून येण्याचे निमंत्रण दिले. घरात दमडी नव्हती, बिल हरखला. मात्र संध्याकाळच्या बैठकीत सहकाऱ्यांनी विरोध केला. आमची दुःखे ऐकून तू पगार घेणार का, असा त्या विरोधाचा आशय होता. बिलने नकार कळवला. याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड ग्रुपचे प्रमुख फ्रँक बुकमन यांनी हिटलरविषयी काढलेल्या उद्गारांनी गहजब उडाला. बड्या लोकांची नावे मिरवणे हा त्या मंडळाचा बाणा होता. एका माणसाच्या नावाशी जोडलेली चळवळ त्या माणसाबरोबर कशी बुडू शकते, हे बिलने जवळून पाहिले, आणि १९३७ मध्ये न्यूयॉर्कचे मद्यपी त्या मंडळातून वेगळे झाले.

आपल्या पद्धतीचे पुस्तक लिहायचे ठरले. त्याला आणि चळवळीला नाव काय द्यावे, यावर बराच खल झाला. आपल्याच नावाने तिला ओळखले जावे, असा विचार बिलच्या मनाला चाटून गेला होता. अखेर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हे नाव पक्के झाले आणि एप्रिल १९३९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील आत्मकथनांवर कोणाचीही सही नव्हती. डॉक्टरांचा अभिप्राय म्हणून सिल्कवर्थ यांनी दिलेला मजकूरही पहिल्या आवृत्तीत त्यांच्या नावाविना आला. त्यांनाही व्यवसायबंधूंची भीती होतीच. निनावीपणाचा एक गैरफायदाही येथेच घेतला गेला. मद्यपींच्या पत्नींना उद्देशून असलेले प्रकरण पत्नीच्या तोंडी आहे, पण ते लिहिले बिलने. लोइसला ते स्वतः लिहायचे होते. ती दुखावली गेली आणि तो सल तिने पुढे अनेक वर्षे बाळगला.

पुस्तक खपेना. मे महिन्यात कर्जापायी क्लिंटन स्ट्रीटचे घर गेले. मॉर्गन नावाच्या एका सदस्याची नभोवाणीवर मुलाखत ठरली, तेव्हा मुलाखतीच्या आधी तो पिऊन बसू नये म्हणून सहकाऱ्यांनी त्याला काही दिवस एका क्लबात आळीपाळीने पहाऱ्यात ठेवले. मुलाखत झकास झाली. त्याआधी देशभरच्या डॉक्टरांना वीस हजार पोस्टकार्डे गेली होती. मागणी आली ती दोन प्रतींची. गमतीचा भाग सोडला, तरी त्या पहाऱ्यात भीती खरी होती: नावानिशी पुढे आलेला माणूस उद्या रस्त्यात पडलेला दिसला, तर घराघरात लपून बसलेले शंभर रोगी आशा सोडतील.

आणि नेमके तेच आमिष बिलसमोर आले. एप्रिल १९४० मध्ये क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाचा झेलपटू रॉली हेम्सली याने आपले सुधारणे एएमुळे असल्याचे जाहीर केले. त्याचे छायाचित्र देशभर झळकले. बिलला असूया वाटली, हे त्याने पुढे स्वतःच नमूद करून ठेवले आहे. मग तोही गावोगाव भाषणे देत, छायाचित्रे काढून घेत, पूर्ण नाव छापू देत फिरला. चळवळीच्या भल्यासाठी आपण हा त्याग करत आहोत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. सदस्य मात्र बिथरले. संस्थापकाला जे चालते ते आम्हाला का नाही, असे विचारणारे निघाले. मार्च १९४१ मध्ये सॅटरडे इव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकातील जॅक अलेक्झांडर यांच्या लेखाने सदस्यसंख्या वर्षभरात दोन हजारांवरून आठ हजारांवर नेली. एवढ्या लोकांची लाज सांभाळायची, तर काही मर्यादा आखणे भाग होते.

खरी ठिणगी पडली ती मार्टी मॅन यांच्यामुळे. एएमध्ये टिकून राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी या एक, बुद्धिमान आणि निर्भय. लपल्याने कलंक वाढतो, प्रतिष्ठित माणसांनी उघडपणे आपला आजार सांगितल्याशिवाय समाज त्याला आजार मानणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १९४४ मध्ये येल विद्यापीठातील अभ्यासकांच्या साहाय्याने त्यांनी मद्यासक्तीविषयी लोकशिक्षण करणारी राष्ट्रीय समिती काढली आणि स्वतःची ओळख जाहीर करून देश पालथा घातला. समितीच्या कागदावर बिल आणि डॉ. बॉब यांची नावे छापलेली होती. १९४६ मध्ये याच कागदावरून निधीसाठी आवाहन निघाले आणि एए पैसे मागत आहे, असा समज पसरला. नावे काढून घ्यावी लागली. मार्टी मॅन यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. आजार कोणी मोठ्याने बोललाच नसता, तर १९६९ ची ती सुनावणीही झाली नसती. पण त्यांच्या धैर्याची किंमत इतरांनी चुकती करावी का, हा बिलचा प्रश्नही खोटा नव्हता.

एप्रिल १९४६ मध्ये एएच्या ग्रेपव्हाइन या मासिकात त्याने बारा परंपरा मांडल्या. १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात त्या स्वीकारल्या गेल्या. डॉ. बॉब त्या अधिवेशनाला कसेबसे आले आणि नोव्हेंबरात कर्करोगाने गेले. अखेरच्या दोन परंपरा निनावीपणाच्या. वृत्तपत्रे, नभोवाणी व चित्रपट यांत सदस्याचे पूर्ण नाव येऊ नये. तत्त्वे व्यक्तींहून वर राहावीत. यात एक बारकावा आहे आणि तो पुष्कळदा नजरेतून निसटतो. बिलने कोणालाही तोंडाला कुलूप लावायला सांगितले नाही. आपल्या डॉक्टरला, कुटुंबाला, मालकाला, शेजाऱ्याला आपण मद्यपी असल्याचे सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. किंबहुना जवळच्यांना सांगावेच, असा त्याचा कल होता. मनाई होती ती दुसऱ्याचे सांगण्याला, आणि स्वतःचे ढोल बडवण्याला. गटांनी हजेरीपट ठेवायचे नाहीत, चौकशीच्या फायली ठेवायच्या नाहीत. दारातून आत येणाऱ्याला आडनाव विचारायचे नाही.

त्याची स्वतःची परीक्षा १९५४ मध्ये झाली. येल विद्यापीठाने त्याला सन्माननीय पदवी देऊ केली. कायद्याची पदवी हुकलेल्या या माणसाला येलची विधिविषयक पदवी! नावाऐवजी आद्याक्षरे वापरण्याची तयारीही विद्यापीठाने दाखवली. बिलने नम्रपणे नकार दिला. टाइम साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छायाचित्र छापू, हवे तर पाठमोरे छापू, असे सुचवले. त्यालाही नकार गेला. हे नकार त्याला किती जड गेले, हे त्याच्या लिखाणातून जाणवते. नकार दिला, हे सांगायला मात्र त्याला आवडत असे! १९५५ मध्ये सेंट लुईस येथे त्याने चळवळीची सूत्रे सदस्यांच्या परिषदेकडे सोपवली.

चळवळ भारतात आली ती १९५७ च्या सुमारास, आणि मुंबईत तिला जो मुलूख मिळाला तो जगावेगळा होता. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती. परवान्याशिवाय पिणे हाच गुन्हा. हातभट्टी आणि नवटाकच्या त्या दिवसांत, मी रोज पितो, असे चारचौघांत सांगणे म्हणजे रोगाची नव्हे, तर गुन्ह्याची कबुली होती. न्यूयॉर्कमध्ये निनावीपण नोकरी वाचवत होते, तर येथे ते पोलीस ठाण्यापासूनही वाचवत होते. पुढे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी एएची परस्परांना आधार देण्याची रीत आपल्या मातीत रुजवली. कायद्याने मात्र वेळ घेतला. मद्य व अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्थांसह सर्व मानसिक आजारांच्या रुग्णांना गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला.

बिलच्या उत्तरायुष्याकडे वळले, की पडद्यामागे बरेच काही दिसते. १९४४ पासून जवळजवळ अकरा वर्षे तो नैराश्याने ग्रासलेला होता. मानसोपचार घेणाऱ्या संस्थापकाविषयी काही सदस्य नाके मुरडत. १९५६ मध्ये त्याने लॉस एंजलिस येथे वैद्यकीय देखरेखीखाली एलएसडी घेऊन पाहिले. तेव्हा ते बेकायदा नव्हते, तरी दारू सोडवणाऱ्या माणसाने असले प्रयोग करावेत, याने जवळची माणसे अस्वस्थ झाली. विवाहबाह्य संबंधांविषयीची कुजबुजही चरित्रकारांनी नंतर उजेडात आणली. निनावीपणाची जी भिंत रोग्यांच्या रक्षणासाठी उभारली, तिच्या आडोशाला तोही बसला, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी अन्यायाचे होणार नाही. तरी यांतील बहुतेक गोष्टी त्याच्या निकटवर्तीयांना माहीत होत्या आणि त्यांनी त्या बाहेर नेल्या नाहीत. ज्या नियमाने सामान्य दारुडा वाचला, त्यानेच संस्थापकही वाचला.

जानेवारी १९६१ मध्ये त्याने कार्ल युंग यांना पत्र लिहिले. एबीपर्यंत ज्या माणसाकडून तो विचार पोहोचला, तो रोलंड नावाचा अमेरिकन एकेकाळी युंग यांचा रुग्ण होता. वैद्यकीने तुझे काही होणार नाही, असे युंग यांनी त्याला स्पष्ट सांगितले होते आणि त्या निराशेतूनच पुढचे सारे घडले. आठवड्याभरात युंग यांचे उत्तर आले. त्यांनी त्या रुग्णाशी झालेले बोलणे खरे असल्याचे सांगितले आणि त्या वेळी आपण त्याला सगळे का बोललो नाही, तेही लिहिले. काही महिन्यांत युंग वारले. १९६३ मध्ये ग्रेपव्हाइनने हा पत्रव्यवहार छापला, तेव्हा रुग्णाच्या आडनावाचे फक्त आद्याक्षर ठेवले होते. रुग्ण तोवर हयात नव्हता.

सिनेटच्या सुनावणीतून निघालेल्या मद्यासक्ती प्रतिबंध व उपचार कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांनी ३१ डिसेंबर १९७० रोजी सही केली. १९७२ मध्ये अमली पदार्थांविषयीचा कायदा आला आणि या दोहोंच्या आधारे १९७५ मध्ये गोपनीयतेचे नियम निघाले. ते इतर आजारांच्या नियमांहून कितीतरी कडक होते. एखादी व्यक्ती व्यसनमुक्ती केंद्रात आहे की नाही, एवढेही तिच्या लेखी संमतीविना सांगता येत नसे. पोलिसांना नावे मिळतात असे कळले, तर कोणी उपचाराला येणारच नाही, हे त्यामागचे कारण. पुढे या कडकपणाची दुसरी बाजू दिसू लागली. रुग्णाने अफूजन्य औषधांचे व्यसन सोडले आहे, हे ठाऊक नसलेला शल्यविशारद त्याला तेच औषध वेदनाशामक म्हणून लिहून देऊ शकतो. २०२० च्या कायद्याने आणि २०२४ च्या नियमांनी उपचार करणाऱ्यांमधील देवाणघेवाण सैल केली. रुग्णाने एकदा संमती दिली की पुरते. मात्र त्याच नोंदी त्याच्याविरुद्ध न्यायालयात वापरायला असलेला बंध कायम राहिला.

हे संरक्षण केंद्रांना आहे. दिव्याच्या उजेडात खुर्च्या मांडून बसणाऱ्या एएच्या गटाला नाही. १९८८ मध्ये न्यूयॉर्कजवळील लार्चमाँट येथे झालेल्या दुहेरी खुनाचा छडा, आरोपीने एएतील सोबत्यांना दिलेल्या कबुलीतून लागला. १९९४ मध्ये त्याला शिक्षा झाली. २००१ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने, ही कबुली धर्मगुरूपुढील कबुलीसारखी मानावी, असे ठरवून शिक्षा रद्द केली. पुढच्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. बिलने आपली पद्धत बेतली ती परस्परांच्या शब्दावर, कायद्याच्या कागदावर नव्हे.

आयुष्यभराच्या सिगारेटींनी त्याची फुप्फुसे निकामी केली होती. १९७० च्या जुलैत मायामीच्या अधिवेशनात तो प्राणवायूच्या आधाराने काही क्षण बोलला. नवा कायदा झाला त्या दिवशी तो घरी अंथरुणाला खिळून होता. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशी, त्याला विमानाने मायामीला नेण्यात आले आणि त्याच रात्री त्याचे निधन झाले. दोन दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सने पूर्ण नाव आणि छायाचित्रासह ती बातमी छापली. त्याला कधी न भेटलेल्या असंख्य सदस्यांना त्याचे आडनाव त्या दिवशी कळले. ईस्ट डॉर्सेटच्या दफनभूमीतील त्याच्या साध्या शिळेवर सैन्यातील हुद्दा आहे, जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. एएचा उल्लेख नाही.

अखेरच्या आठवड्यांत रात्रपाळीच्या शुश्रूषकांनी त्याच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या बेडफर्ड हिल्स येथील त्याच्या घरच्या कागदपत्रांत राहिल्या. २००४ मध्ये सुसन चीव्हर यांनी लिहिलेल्या चरित्रातून त्यांतील मजकूर बाहेर आला. १९७० च्या नाताळात आणि त्यानंतरही काही वेळा त्याने व्हिस्की मागितली होती, आणि ती न मिळाल्याने तो चिडला होता. त्याला ती देण्यात आली नाही. एएच्या न्यूयॉर्क येथील अभिलेखागारात हजारो सदस्यांनी बिलला लिहिलेली पत्रे जतन केलेली आहेत. तेथे काम करणाऱ्या संशोधकांना त्या सदस्यांची आडनावे प्रसिद्ध न करण्याची अट पाळावी लागते.